न बिघडलेला पंखा

पंखे दुरुस्त करणाऱ्या मामाला सख्खी बहीण नव्हती, पण भाचे शहरभर. पुरुषावर जीव जडलेला पोरगा असो की बाईवर जडलेली पोरगी, घरच्यांनी दार लावलं की पावलं मामाच्या दुकानाकडे वळत. मग मामा त्यांच्या आयांना जाऊन भेटे, वाटेल ते ऐकून घेई, हात हलवत परते आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच दारात उभा. चौकीत पोलिसांशी भांडे, मोर्चात पुढे चाले. पोरांना एकच सांगे, तोंड लपवून जगू नका.

आणि हा शहाणा स्वतः? उभी हयात मास्तरांच्या खोलीवर मागच्या जिन्याने गेला. मास्तर शाळेत शिकवायचे, काळीज सशाचं. आपलं नाव कुठे येता कामा नये, हे वचन त्यांनी मामाकडून घेतलं होतं. साहेबालाही न घाबरणारा माणूस तेवढ्यापुरता मुका झाला.

मास्तर अंथरुणाला खिळले, तशी त्यांची वहिनी येऊन राहिली. बाई तिखट, पण आजारी माणसाला उपाशी ठेवणारी नव्हे. मामाचं जाणं तुटलं. डॉक्टरांनी हात टेकल्याचं त्याला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं, कुणा परक्याची बातमी कळावी तसं.

मग एका दुपारी वहिनीचा निरोप आला. पंखा घरघरतो म्हणून भावजींनी जीव खाल्लाय, कोपऱ्यावरच्या पंखेवाल्यालाच बोलवा म्हणतात.

मामा पहिल्यांदाच पुढच्या जिन्याने चढला. खाटेवर नुसती हाडं उरली होती. तिकडे बघवेना, म्हणून त्याने कपाटामागे हात घालून मेन स्विच बंद केला आणि स्टुलावर चढला. पंख्याला काही झालेलं नव्हतं, उन्हाळ्यात त्यानेच तर तेल घातलं होतं. तरी त्याने तो उतरवला, पाती पुसली, घट्ट असलेले स्क्रू काढून पुन्हा बसवले. मास्तर खालून टक लावून बघत होते. शेवटी काढायला काही उरलंच नाही.

पंखा सुरू झाल्यावर वहिनी म्हणाली, "स्विच कपाटामागे आहे, हे मला इतके दिवस राहून ठाऊक नाही. तुम्हाला कसं?"

खरं सांगितलं असतं, तर उशाशी बसायचा हक्क मागता आला असता. पण मास्तरांनी डोळे गच्च मिटले होते, छडी पडणार अशा पोरासारखे.

"जुन्या घरांत तिथेच असतो," मामा म्हणाला आणि पिशवी आवळू लागला.

"वहिनी," मास्तर पुटपुटले, "अजून घरघरतोय."

पंखा चिडीचूप फिरत होता. वहिनीने वर पाहिलं, मग दोघांकडे, सावकाश.

"उद्या या परत," ती म्हणाली. "दुपारी मी बाजारात असते. शेजाऱ्यांनी विचारलं तर पंख्याचंच सांगा. मला लोकांत राहायचंय."

दुकानात भाचे खोळंबले होते, मोर्चात काय बोलायचं ते विचारायला. तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच तो म्हणाला. ते गेल्यावर त्याने उद्यासाठी पिशवीत पक्कड भरली, टेस्टर भरला. कुणी उघडून बघितली, तर कामाचा माणूस दिसायला हवा.