सात आखूड, एक लांब

इघिल उझरूच्या लोकांना बर्फ फक्त लांबून माहीत होता. दक्षिणेकडच्या जुर्जुरा डोंगररांगेच्या शिखरांवर तो दरवर्षी येऊन बसायचा आणि स्वच्छ सकाळी गावातून दिसायचा. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या या उतारावर मात्र तो कधी खाली आला नव्हता. फार तर एखाद्या जानेवारीत पीठ भुरभुरावं तसा अंगणात पडायचा आणि दुपारी चुली पेटायच्या आत नाहीसा व्हायचा. त्या फेब्रुवारीत तो एका शुक्रवारी आला आणि त्यानं मुक्कामच ठोकला.

पहिल्या दिवशी सगळे हसत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी वीज गेली, फोन गेले आणि गॅसचा ट्रक खालच्या वळणावरूनच माघारी फिरला. तिसऱ्या दिवशी ऑलिव्हच्या फांद्या मोडायला लागल्या. ओल्या, जड बर्फाखाली त्या गोळी सुटल्यासारख्या कडाडायच्या. काळ्या वर्षांत, देशात यादवी पेटली होती तेव्हा, असे आवाज ऐकलेली माणसं प्रत्येक वेळी दचकायची आणि मग आपण दचकलो म्हणून खजील व्हायची. शेवटी आख्खं गाव फळं झोडायच्या लांब काठ्या घेऊन बागांत उतरलं आणि झाडांवरचा बर्फ झोडू लागलं. ताऊसही त्यांच्यात होती. वर बघून काठी मारायची, डोळे मिटायचे, आणि खांद्यांवर थंड, मऊ ढीग कोसळायचा. बायका सवयीनं तोडणीची गाणी म्हणत होत्या. झाडाखाली अंथरलेल्या जाळ्यांत मात्र फळांऐवजी नुसतं पांढरं पडत होतं. ताऊसला वाटलं, आपण झोपेत हे काम करतोय. जागं झाल्यावर हातात काहीच नसणार.

घरी तिचा नवरा खिडकीशी उभा असायचा.

मोक्रान एकाहत्तर वर्षांचा होता. त्यातली सव्वीस वर्षं त्यानं मालवाहू जहाजांवर काढली होती. गेली तीन वर्षं त्याची आठवण विरत चालली होती. लिओनला दिलेल्या मुलीला तो आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा. कधीकधी बायकोलाच 'खाल्ती' म्हणून, जशी पोरं शेजारच्या मावशीला म्हणतात तशी अदबीनं हाक मारायचा आणि पाणी मागायचा. ताऊस पाणी द्यायची. सुरुवातीला ती आत जाऊन रडायची, पुढे तेही बंद झालं.

या बर्फात मात्र तो शांत झाला होता. एरवी दिवसातून दहा वेळा दार उघडून 'माझी बॅग कुठं आहे' म्हणणारा माणूस आता तासन्‌तास खिडकीबाहेर बघत उभा राहायचा. समोरची मशीद, खालच्या बागा, पलीकडचा डोंगर, काहीच दिसत नव्हतं. पांढरं हलत होतं, बस्स. त्याला वाटायचं आपण धुक्यातून चाललोय. "इथं जपून जायला हवं," तो म्हणायचा, आणि चौकटीला असा धरून उभा राहायचा की ताऊसलाही क्षणभर घर हलल्यासारखं वाटायचं.

सोमवारी सकाळी तिला गाय हंबरल्याचा आवाज आला. धार तर नुकतीच काढून झाली होती. ती डोक्यावर पोतं घेऊन गोठ्यात गेली. गाय डोळे मिटून रवंथ करत होती. ताऊस तिच्या उबेला थोडी टेकून उभी राहिली, आणि आवाज पुन्हा आला. खालून, उताराच्या पायथ्याकडून, जणू बर्फाच्या पोटातूनच. ती परत आली तेव्हा मोक्राननं अंगात कोट चढवला होता आणि तो बोटं मोजत होता.

"सात आखूड, एक लांब," तो म्हणाला. "भोंगा आहे. माणसं जहाज सोडतायत."

"अहो, बसा बघू. वारा आहे तो."

"वारा मोजून वाजत नसतो, ताऊस."

तिचं नाव त्याच्या तोंडून आलं, निदान सात-आठ महिन्यांनी. ती तशीच उभी राहिली. तो तिच्याकडे बघत होता, आणि ओळखून बघत होता. मग त्यानं मान कलती केली आणि बोट वर केलं, ऐक म्हणून. तिनं ऐकलं. एक, दोन, तीन, असे सात तुटक हुंकार, आणि मग एक लांबलचक, जो संपला कधी आणि वाऱ्यात मिसळला कधी ते कळलं नाही. पुन्हा सात, पुन्हा एक.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात आणि स्पष्ट होतं. जहाज खडकांच्या फार जवळ आहे. वारा वायव्येचा, म्हणजे तराफा सोडला तर तो जुन्या कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी, दगडी खाडीत येऊन लागणार. तिथं चिटपाखरूही नसतं. माणसं पाण्यातून वाचली तरी थंडीनं संध्याकाळपर्यंत मरतील. "मी येतो," म्हणून तो उठला आणि त्याचे गुडघे नेहमीसारखेच दुमडले. ताऊसनं त्याला खुर्चीत बसवलं. शेजारणीला, मेलखीरला, त्याच्याजवळ बसायला सांगून ती चावडीकडे निघाली.

चावडीत शेकोटी होती आणि भोवती आठ-दहा पुरुष होते. वर्षानुवर्षं गावाची गाडी चालवणारा लूनिस आता गाडी बर्फात पुरली गेल्यामुळे फक्त तोंड चालवत होता. ताऊसनं सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही, पण माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि ते हसण्याहून वाईट होतं.

"खाल्ती," लूनिस जरा सांभाळून म्हणाला, "गेल्या महिन्यात दा मोक्राननं आम्हा सगळ्यांना जेनोव्याच्या बंदरात उतरवलं होतं. गाय गॅलरीला बांधली होती, वाहून जाईल म्हणून. तुझीच गाय. आम्हीच सोडवली."

"सोडवलीत. उपकार झाले," ताऊस म्हणाली. "आता बाहेर या आणि बोटं मोजा. सात आखूड आणि एक लांब आलं नाही, तर मी घरी जाऊन भाकरी थापते."

ते बाहेर आले. दहा मोठी माणसं गुडघाभर बर्फात उभी राहून, हात पुढे करून बोटं मोजू लागली. बर्फ पापण्यांवर साठत होता. बराच वेळ काहीच आलं नाही. वेड्याच्या बायकोलाही वेड लागलं, असं उद्या म्हणतील, आणि कदाचित खरंही असेल ते. मग आवाज आला. लूनिसचे ओठ हलत होते. सातव्याला त्यानं करंगळी मुडपली, लांब हुंकार संपेपर्यंत तसाच उभा राहिला, आणि घोंगड्या आणायला वळला.

प्रश्न वाटेचा होता. सडकेनं समुद्र चौदा किलोमीटर, आणि सडक बंद. सरळ उतरणारी जुनी शेळ्यांची वाट काळ्या वर्षांत सुटली होती. रानात जायला लोक घाबरायचे, आणि नंतरही कोणी गेलं नाही. लूनिसच्या वयाच्या माणसांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती. ताऊसनं लहानपणी सहा वर्षं त्या वाटेनं शेळ्या नेल्या होत्या. "मी पुढं चालते," ती म्हणाली. कोणी नाही म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी पुढं चालणार कोण?

झोडायच्या काठ्यांनी जमीन चाचपत ते उतरले. ताऊसला वाट दिसत नव्हती, पण पायांना ती ठाऊक होती. खोड चिरलेल्या कॅरोबच्या झाडाशी डावीकडे. मग पिराची घुमटी. ती एरवी पांढरीशुभ्र उठून दिसायची, आज बर्फातला नुसता एक उंचवटा होती. मग कण्हेरींचा ओढा. बर्फानं सगळे आवाज पुसून टाकले होते. मागे माणसं आहेत की नाहीत हे बघायला ती मधूनमधून वळायची, आणि प्रत्येक वेळी पांढऱ्यातून एकेक काळी आकृती उगवायची. एकदा तिला वाटलं आपण नऊ वर्षांच्या आहोत, खाली शेळ्या वाट बघतायत. वाटलं आणि ते खरंच असल्यासारखं ती काही पावलं तशीच चालली. भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. मोक्रान असाच कुठंतरी चालत असेल का दिवसभर, हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं.

भोंगा मध्येच थांबला. पावलं भराभर पडू लागली.

खाडीत बर्फ थेट पाण्यापर्यंत गेला होता. लाटा येऊन त्याची कड कुरतडून नेत होत्या, आणि वरून पडणारा नवा बर्फ समुद्रात आवाज न करता विरत होता. एवढं पाणी आणि एवढा बर्फ कोणीच कधी एकत्र पाहिला नव्हता. सगळे क्षणभर तसेच उभे राहिले. मग लूनिसला कपारीखाली नारिंगी रंग दिसला.

तीन माणसं एकमेकांना बिलगून बसली होती. फाटका तराफा बाजूला फडफडत होता. दोघं तरुण होते. तिसरा, पांढऱ्या मिशांचा, अनवाणी होता आणि त्याला हलवलं तरी डोळे उघडत नव्हता. ताऊसनं त्याचे पाय मांडीवर घेतले आणि आपली लोकरीची शाल काढून गुंडाळली. दोन्ही हातांनी ती ते चोळत राहिली. तो कोण, कुठल्या भाषेचा, तिला माहीत नव्हतं. वासरू जन्मलं की ती जे काही बडबडते तेच ती बडबडत होती. बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं डोळे उघडले. पांढऱ्या जगात एक डोक्याला फडकं बांधलेली बाई बघून त्याला आपण मेलो असंच वाटलं. पुढे त्यानं तसं सांगितलं.

वर यायला तीन तास लागले. दोन काठ्यांना घोंगडं बांधून म्हाताऱ्याला आळीपाळीनं उचललं. गावाच्या वेशीशी बायका ऑलिव्हचं कोमट तेल आणि सुक्या अंजिरांच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. घरात मेलखीरनं मोठ्या पातेल्यात बर्कुकेस शिजवला होता, रव्याच्या जाड दाण्यांचा, तिखटजाळ.

तिघे ताऊसकडेच राहिले, सडक मोकळी होईपर्यंत, चार दिवस. म्हाताऱ्याचं नाव नेजात, काळ्या समुद्राच्या काठचा, जहाजावरचा स्वयंपाकी. उरलेली चार माणसं जहाज कलल्यावरही वरच अडकली होती. वारा पडल्यावर त्यांना दुसऱ्या बाजूनं टगबोटीनं उतरवलं, हे नंतर कळलं. सगळी जगली.

नेजात शुद्धीवर येऊन चुलीपाशी बसला, आणि मोक्राननं त्याला काहीतरी विचारलं. ती भाषा ताऊसनं लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकली. थोडी इटालियन, थोडी ग्रीक, थोडी तुर्की, बंदरांच्या धक्क्यांवर तयार झालेली. नेजातनं मान वर केली, चमच्यासकट हात थांबला, आणि त्यानं उत्तर दिलं. मग दोघं थांबलेच नाहीत. कोणत्या बंदरात पाणी उथळ, कुठल्या कप्तानानं कोणाला फसवलं, कुठल्या खानावळीत मासा खायचा नाही. मोक्रान हसत होता. मधेच वळून बायकोला सांगत होता, "ताऊस, हा म्हणतो पिराएउसची ती लंगडी बाई अजून जिवंत आहे." ती मान हलवायची. ती बाई कोण, हे तिनं विचारलं नाही. एरवी विचारलं असतं. सव्वीस वर्षांत हा माणूस घरी येऊन यातलं काहीच बोलला नव्हता. तो परक्याशी बोलत असताना ती त्याला पाठीमागून ऐकत होती, हातातली कणीक तशीच राहून सुकत होती.

त्या चार दिवसांत त्यानं तिला एकदाही 'खाल्ती' म्हटलं नाही. गावात त्याची चर्चा झाली. लूनिस रोज यायचा, चुलीपाशी बसायचा, आणि जाताना म्हणायचा, "दा मोक्रान, उद्या कुठं उतरवणार ते आधी सांगा. सामान बांधतो." मोक्रान म्हणायचा, "तुला नाही नेत. तू फार बोलतोस."

शुक्रवारी ऊन पडलं. बुलडोझर वळणावळणानं वर आला, मागून सैनिकांची गाडी. नेजातनं मोक्रानच्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली आणि ताऊससमोर उभा राहिला. दोघांची भाषा एक नव्हती, म्हणून त्यानं तिचा हात आपल्या कपाळाला लावला. गाडी गेली. छपरांवरून पाणी गळायला लागलं. संध्याकाळी मोक्राननं दार उघडून विचारलं, माझी बॅग कुठं आहे.

ताऊसला हे होणार हे माहीत होतं. तरी तिला वाटलं होतं, आणखी दोन दिवस तरी.

आता ती त्याला ती गोष्ट सांगते. रोज नाही. जेव्हा तो फार अस्वस्थ होतो तेव्हा. बर्फ, भोंगा, मोजलेली बोटं, खाडी. तो दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐकावी तसा ऐकतो. "ज्यानं भोंगा ओळखला तो पक्का दर्यावर्दी असणार," असं कधी म्हणतो. "खरंय," ती म्हणते. कधी त्याला झोपच लागते. मागच्या आठवड्यात मात्र त्यानं तिला मध्येच थांबवलं.

"आणि ती बाई?" त्यानं विचारलं. "शाल तिनं त्याच्या पायांना गुंडाळली. मग वर येताना तिच्या अंगावर काय होतं?"

हे गावात आजवर कोणीच विचारलं नव्हतं. तिच्याही लक्षात नव्हतं.

"काही नव्हतं," ताऊस म्हणाली. "कुडकुडत आली."

तो चुकचुकला, मग त्यानं खुर्ची थोडी सरकवली आणि चुलीपाशी तिच्यासाठी जागा केली.