म्माचं वाहतं पाणी

आमच्या पंथात बाप्तिस्मा वाहत्या पाण्यातच होतो. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं बेट म्मा म्हणतं, त्या जन्मभर तो टाळत आल्या. यंदा अंथरुणाला खिळल्या, तेव्हा म्हणाल्या, "पोरी, तुझ्या देवाला सांग, मी तयार आहे. पण ताटकळत ठेवू नको म्हणावं." मी शब्द दिला.

आणि पाणीच अडलं. अंगोलाच्या डोंगरात पडलेला पाऊस आमच्या ओकावांगो नदीतल्या बेटांपर्यंत पोचेतो थंडी सुरू होते, आभाळ कोरडं ठक्क असतं. पण यंदा दारासमोरचा ओढा लव्हाळ्यांनी गच्च भरला होता. पहाटेची प्रार्थना झाली की मी त्यात गवताची काडी सोडायची. काडी डावीकडे जायची, थबकायची, परत यायची. हे वाहणं म्हणायचं की वारा?

मोरुती गाओलाथे, आमचे धर्मगुरू, काठावर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "बाई, हे डबकं आहे."

"काल थोडं हललं होतं, मोरुती."

"बेडकानं उडी मारली असेल."

आतून म्मा ओरडल्या, "मग बेडकालाच द्या बाप्तिस्मा!"

एका पहाटे प्रार्थनेला गुडघे टेकले, तर वाळू ओली. मुंग्या अंडी घेऊन वारुळावर चढत होत्या. पाणी घरामागून येत होतं! त्या बाजूनं ते कधी आलंच नव्हतं. पाणघोड्यांनी चरायला जाता-येता पाडलेल्या वाटेतून फेसाची एक जीभ काटक्या ढकलत यायची, वाळूत मुरायची, पुन्हा पुढे सरकायची.

मोरुतींना बोलावलं. "वाहतंय ना हे?"

"वाहतंय तर खरं. पण घोट्याएवढंच. बुडवू कसं?"

"आडवी घाला मला," म्मा म्हणाल्या. "आणि वाटेचा मालक यायच्या आत उरका."

घोंगडीतून नेऊन आम्ही त्यांना वाळूवर निजवलं. पाणी डोक्याशी दुभंगलं, दोन्ही कुशींवरून गेलं, पायांशी जुळलं. मोरुतींनी ओंजळीनं चेहरा भिजवला, देवाचं नाव घेतलं. मी मात्र पायांपलीकडे बघत होते. तिथे वाळू सगळं पाणी पिऊन टाकत होती. पुढे जातच नाही, ते वाहतं कसं?

"मोरुती, हे चालेल ना?"

ते मान खाली घालून म्हणाले, "मलाही कळत नाही, बाई."

म्मांना उचललं. कुडकुडत त्यांनी विचारलं, "झालं का गं?"

त्यांच्या पाठीनं वाळूत पडलेल्या खळग्यात पाणी साचलं होतं. त्यात केसाएवढे मासे वळवळत होते. एवढ्यात आले कुठून?

"झालं, म्मा," मी म्हणाले.

त्यांना घरात नेल्यावर मी परत आले आणि खळग्यात काडी सोडली. ती गोल गोल फिरत राहिली.