तोकुजींच्या आईचे उनोहाना

गाजराचे तुकडे सगळे सारखे होते — घरात कापलेले गाजर जितपत सारखे असते तितपत नव्हे, तर खरोखरच सारखे, पट्टी लावून आखल्यासारखे — आणि टोफू करताना उरलेल्या सोयाबीनच्या त्या पांढुरक्या, भुसभुशीत चोथ्यात ते असे अंतर राखून बसले होते की पाहताच हिसाएला भूक लागण्याऐवजी चीड आली. वाटी तिने अजून उचलली नव्हती. वाटीमागे पुठ्ठ्याचे एक कार्ड उभे केलेले होते आणि त्यावर ब्रशने, तिच्या नवऱ्याच्याच नेटक्या अक्षरात, लिहिले होते: 'आईच्या हातचे उनोहाना'.

आईच्या... कुणाच्या आईच्या, असे इथे कोणी विचारणार नव्हते. वस्तीच्या सभागृहात निवृत्त पुरुषांसाठी शरदभर चाललेल्या सोप्या तोंडीलावण्यांच्या वर्गाचा आज शेवटचा दिवस. घरच्यांना चाखायला बोलावलेले. बायका भिंतीशी घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या, आणि पलीकडे शेगड्यांपाशी दहा-बारा म्हातारे एकमेकांच्या एप्रनच्या नाड्या बांधून देत, शाळेच्या नाटकातल्या मुलांसारखे लाजत, हसत उभे. तोकुजी त्यांच्यात उंच. मापन-यंत्रांच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस — तो तराजूवर चोथा टाकत होता, चिमूट काढत होता, पुन्हा टाकत होता.

"अहो किताहारा, टोफूवाल्यानं फुकट दिलेला चोथा आहे तो, सोनं नाही!" शेजारच्या शेगडीवरून कोणीतरी ओरडले.

"तुमचा पालक बघा आधी. करपला तो," तोकुजी मान वर न करता म्हणाला.

सगळे हसले. हिसाएही हसली, कारण न हसणे दिसले असते.

काल संध्याकाळी त्याने घरी सराव केला होता. तिच्या कढईत, तिच्या शेगडीवर, तिला बाजूला सारून. ती दारात उभी होती आणि तो तिला समजावत होता — समजावत! — की चोथा आधी कोरडाच भाजायचा असतो, नाहीतर कच्चा वास राहतो.

"तू फार वेळ भाजतेस. वर्गातल्या बाई म्हणतात, मोकळा झाला की पुरे."

"हो का."

"सोपं आहे गं हे सगळं. ग्रॅममध्ये मोजलं की चुकायला जागाच राहत नाही. तुम्ही बायका उगीच त्याचं मोठं काहीतरी करून ठेवता."

सोपं. तिने ओट्यावर सांडलेला चोथा पुसला, गाजराच्या साली उचलल्या, मशरूम भिजवलेले पाणी तो मोरीत ओतायला निघाला होता ते त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवले — त्या पाण्यातच सगळी चव असते, हे बाईंनी बहुधा पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी ठेवले असावे — आणि रात्रभर तो एक शब्द तिच्या कानात घोळत राहिला. सोपे ते कोणामुळे होते? ज्याला सगळे आयते सोललेले, भिजवलेले, पुसलेले मिळते त्याला डोंगरही सोपा.

आणि आई! निदान आईचे नाव तरी त्याने घ्यायला नको होते.

कारण सासूबाईंनी उनोहाना आयुष्यात कधी केले नव्हते. हे पृथ्वीवर आता एकट्या हिसाएला माहीत होते. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सासूबाई तिला स्टेशनजवळच्या तयार तोंडीलावण्यांच्या दुकानात घेऊन गेल्या, काचेमागच्या परातीकडे बोट दाखवून "नेहमीचं" म्हणाल्या, आणि घरी येऊन पुडा निळ्या वाडग्यात रिकामा करून, वर पातीचा कांदा स्वतः चिरून पेरला, अगदी मन लावून. "पुरुषांना हे कळायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "कळलं तर चव जाते." दोघी हसल्या होत्या. त्या घरात आपल्याला कोणीतरी आत घेतले असे तिला पहिल्यांदा वाटले ते त्या दिवशी — त्यामुळे ती गोष्ट तिने जपून ठेवली, सासूबाई गेल्यावरही. पण त्याआधीच दुकानाचे म्हातारे जोडपे थकले, दुकान बंद झाले, आणि सासूबाई म्हणाल्या, "आता तुझं तू बघ." एवढेच. जणू छत्री हातात दिली.

मग तो हिवाळा. लग्नाआधी ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत असे, तिला दुसरी कोणती पद्धत येतच नव्हती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी रस्सा — सुक्या माशाचा, मग मशरूमचा, मग दोन्ही. मग साखर. मग तेल, कारण थंड झाल्यावर चोथा घशाला लागतो तो तेलामुळे की तेलाच्या अभावामुळे, हे नीट कळत नव्हते. तोकुजी मुकाट जेवायचा, अर्धे ठेवायचा. आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्याच्या जेवायच्या काड्या थांबल्या, आणि तो म्हणाला, "हं. आईचं."

आणि मी खूश झाले. हेच तर... मी खूश झाले, मोरीपाशी जाऊन तोंड लपवून हसले, वाटले जिंकले. त्या दिवशीच म्हणायला हवे होते — आईचे नाही, माझे. पण तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून ऐकत होत्या, आणि मी त्यांना माझा पदार्थ देऊन टाकला, जसे आपण कोणाला पावसात आपले पायताण देतो — परत मिळेल असे धरून.

"आमच्या ह्यांनी पालक पिळला बघा," शेजारच्या ओगुची वहिनी तिच्या कानाशी लागल्या. "धुणं पिळल्यासारखा. वर मला सांगतात, पाणी राहता कामा नये. म्हटलं, इतकी वर्षं मी काय तुम्हाला सूप वाढत होते?"

हिसाए या वेळी खरेच हसली.

"तुमचे मात्र गुणाचे हो. आईची आठवण ठेवली. पुरुष इतकं लक्षात ठेवत नाहीत."

हसू तिथेच राहिले, चेहऱ्यावर, उतरवायला कोणी नसल्यासारखे.

वर्गाच्या कुराशिना बाई, तिच्या मुलीपेक्षाही लहान, टाळ्या वाजवत मध्ये आल्या. "ऐका, ऐका! एक आनंदाची बातमी. पुढल्या महिन्यापासून आपण वस्तीतल्या ज्येष्ठांना जे गुरुवारचं जेवण देतो ना, त्यात हे उनोहाना कायमचं घेतोय. याच नावानं. किताहारांच्या आईचं म्हणून." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोकुजीने मान झुकवली. "शेवटचा हात ते आता सगळ्यांना दाखवतील, आणि मग किताहारा वहिनी, तुम्ही दोन शब्द सांगायचे हं. सासूबाईंनी तुम्हाला कसं शिकवलं ते!"

याच नावाने. कायमचे. गुरुवारी वस्तीतले म्हातारे काड्या थांबवून 'हं' म्हणतील आणि एका अशा बाईचे स्मरण करतील जिने चोथ्याला कधी हात लावला नव्हता. हिसाएच्या मनात वाक्य तयार झाले, लहान आणि स्वच्छ: सासूबाई हे दुकानातून आणायच्या, केले मी. बस. ते बोलायला आवाज चढवावा लागणार नव्हता. तोकुजीचा चेहरा कसा होईल तेही तिला दिसले — होऊ दे. चव जाते तर जाऊ दे चव.

"आता इथं लक्ष द्या," तोकुजी म्हणत होता. भोवती म्हातारे आपापल्या कढया घेऊन सरसावले. "गॅस बंद. आणि आता व्हिनेगर. मधे ओतायचं नाही, कडेनं. कढईची कड तापलेली असते, आंबट वास तिथंच उडून जातो."

हिसाएच्या हातातली पिशवी गुडघ्यावरून घसरली.

हे बाईंचे नव्हते. दुकानाचेही नसावे. हे तिचे होते, त्या हिवाळ्याच्याही नंतरचे, सासूबाई गेल्यानंतरचे, आणि तिने ते कोणालाच सांगितले नव्हते — कोणी विचारलेच नव्हते.

"आणि हे डाव्या हातानं करायचं," तोकुजी म्हणाला. उलथने त्याने उजव्या हातातून डाव्यात घेतले, कढई पोटाशी टेकवली, अवघडत, आणि ढवळू लागला. "का ते मला विचारू नका. पण असंच आहे. डाव्या हातानं, खालून वर."

आणि दहा-बारा म्हाताऱ्यांनी मुकाट्याने उलथनी डाव्या हातात घेतली. कोणाचा चोथा बाहेर सांडला. कोणी हसले. "माझा डावा हात तर मला ओळखतच नाही, बाई!"

तिचे मनगट. बर्फावर पाय घसरला त्या वर्षी, मुलगी पहिलीत होती, हाड जरा वाकडेच जुळले आणि जड ओले ढवळताना उजवा हात अजून कळ देतो. म्हणून शेवटी डावा हात, म्हणून कढईला पोटाचा आधार. त्यात पाककृती काहीच नव्हती. ती नुसती एक दुखापत होती, आणि तिच्या नवऱ्याने ती कृतीचा भाग म्हणून, एक ग्रॅम इकडेतिकडे न करता, उतरवून घेतली होती.

म्हणजे तो बघत होता. कुठून? सरकत्या दाराआडून, वर्तमानपत्रावरून... किती वर्षे? आपण तिकडे तोंड करून उभे होतो, पाठीमागे कोणी नाही असे धरून. आणि पाठीमागे तो होता, कढईची कड, पोट, डावा हात — सगळे पाहत. फक्त हात कोणाचा ते त्याने पाहिले नव्हते. की पाहिले होते, आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कोणत्याही पाठीला तो आईच म्हणत होता? मनगट मोडले तेव्हा तो दवाखान्यात आला होता. त्याला माहीत होते. त्याला माहीत असायला हवे होते! संतापाने तिचे कान तापले, पण हा संताप मघाचा नव्हता. मघापर्यंत तिला वाटत होते, याने कधी पाहिलेच नाही. तो राग किती सोपा होता... त्यात ती एकटी तरी होती.

तोकुजीने वर पाहिले. उलथने अजून डाव्या हातात. त्याची नजर खुर्च्यांवरून फिरत तिच्यापाशी आली आणि तिच्या मांडीवरच्या हातांवर थांबली — थांबली की नुसती अडली, ते तिला ठरवता येईना.

"या ना, वहिनी," कुराशिना बाई म्हणाल्या. "सांगा. कसं शिकवलं त्यांनी?"

ती उठली. घशाशी तयार असलेले ते लहान, स्वच्छ वाक्य तिने एकदा चाचपून पाहिले आणि सोडून दिले. ते खरे होते, पण त्याने आता काहीच सुटत नव्हते. सगळे वाट पाहत होते. काय बोलणार हे तिला माहीत नव्हते, एवढेच माहीत होते की ते सासूबाईंबद्दल नसणार, आणि ती या सगळ्यांकडे नाही, तोकुजीकडे पाहून बोलणार.