साक्षीदाराची सही

पहिला गोल मिटलाच नव्हता. आजारी नवऱ्याचा हात वळता वळता थकला असावा, म्हणून ऑरिनच्या नावातलं पहिलं अक्षर वरून उघडंच राहिलं होतं... आणि त्याच्याखाली, साक्षीदाराच्या रेघेवर, तिची स्वतःची सही – आर्डिस टोलेफ्सन – ठसठशीत, गावची क्लार्क म्हणून तीस वर्षं करत आली तशी. लिफाफा बंद. वर लाल शाईत, तेही तिच्याच अक्षरात: नाकारले, मतदार मृत.

"अगं, किती वेळ तोच धरून बसलीस?" गॉर्डीने शेवटचं खोकं टाउन हॉलमागच्या लोखंडी पिंपाशी आणून आपटलं. गावचे रस्ते सांभाळणारा गॉर्डी आज कागद जाळल्याच्या नोंदीवर तिच्यासोबत सही करणारा साक्षीदार होता. "यादी जुळली का?"

"जुळतेय."

निवडणुकीचे कागद बावीस महिने जपायचे आणि मग न उघडता नष्ट करायचे, असा नियम. बावीस महिने काल संपले. मोजलेली मतं, रिकामे लिफाफे, नाकारलेलं एक मत – सगळं आज जाळायचं होतं.

त्या वर्षी सगळा देश आणखी लाल पक्षाकडे झुकला आणि चाळीस वर्षं लाल असलेली त्यांची काउंटी मात्र निळ्या पक्षाकडे सरकली. वारा एकीकडे, गवत दुसरीकडे. शहरातून एक पत्रकार बाई आली, कॅफेत ॲपल-पाय खात खात एकेकाला विचारत बसली – का? कुणी दुधाच्या भावावर ढकललं, कुणी नदीकाठी घरं घेणाऱ्या नव्या लोकांवर. "विहिरीच्या पाण्यातच काहीतरी आहे, लिहून घ्या बाई!" गॉर्डी म्हणाला, आणि सगळे हसले, पण हसता हसता प्रत्येकाने शेजारच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कोण फुटलं? त्या बाईने आर्डिसलाही विचारलं. मी फक्त मोजते, असं आर्डिसने सांगितलं. मोजते हे खरं होतं. 'फक्त' हा शब्द खोटा.

ऑक्टोबरातली ती दुपार... ऑरिन नाताळ पाहील अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. घरून मत द्यायचं तर साक्षीदार लागतो. त्याने मतदाराला मतपत्रिका भरताना पाहायचं, पण काय भरलं ते पाहायचं नाही. ऑरिनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतपत्रिका ओढली आणि डाव्या हाताची भिंत केली, शाळेतल्या पोरासारखी.

"तिकडे तोंड कर."

चव्वेचाळीस वर्षं हा माणूस कुणाला मत देणार ते गोठ्यातून ओरडून सांगत आला. गोठ्यावरची लाल पाटी रस्त्यावरून दिसायची.

"आज काय चोरी करतोयस का रे?"

"कायदा आहे. तूच शिकवलास ना अख्ख्या गावाला?" तो हसला, आणि मग बराच वेळ खोकला.

मग तिची पाळी. मतदानाच्या दिवशी ती कामात असणार, म्हणून तीही घरूनच, साक्षीदार ऑरिन. पेन थांबलं... आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा दुसरं, निळ्या पक्षाचं, वर्तुळ भरलं. का, ते त्या पत्रकार बाईला सांगता आलं नसतं. राग नव्हता, कुणाचं भाषणही मनात नव्हतं. रोजच्या वाटेने घरी निघावं आणि एका संध्याकाळी पाय दुसरीकडे वळावेत, तसं झालं. आणि ते तिने त्याला सांगितलं नाही.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी तो गेला. मतदानाच्या दिवसाआधी मतदार वारला, तर त्याचं घरून दिलेलं मत बाद, असा कायदा. मंगळवारी, मतं उघडताना, सोबत मतं मोजणारी मार्लिस हळूच म्हणाली, "राहू दे गं. एकदा ढिगात गेलं की कुणाला कळणार?"

"मला कळेल," आर्डिस म्हणाली आणि लाल पेन उचललं.

तेव्हा स्वतःच्या सचोटीचा अभिमान वाटला होता. नंतर मात्र मन पोखरत राहिलं – मोजलं असतं तर ते इतरांत मिसळून गेलं असतं. नाकारलं म्हणूनच ते एकटं राहिलं, उघडता येण्याजोगं... मी कायद्यासाठी नाकारलं की माझ्यासाठी? आत लाल असेल तर शेवटच्या आठवड्यांत, त्याला चमच्याने सूप भरवताना, मी त्याच्या विरुद्ध बाजूला उभी होते. आणि निळं असेल तर? तर एकाच टेबलावर बसून आम्ही दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली, आणि तो आपण एकटेच आहोत असं समजून गेला. यातलं कोणतं जास्त लागेल, ते तिला ठरवता येत नव्हतं.

पिंपातल्या कागदांनी पेट घेतला होता. गॉर्डीने शेवटचं खोकं रिकामं केलं, तिच्या हातातल्या लिफाफ्याकडे पाहिलं आणि टोपी सारखी केली.

"धुराने डोळे चुरचुरतायत," तो म्हणाला. "मी जरा तिकडे तोंड करून उभा राहतो. पाच मिनिटं. दहा घे हवं तर." आणि खरंच तो रस्त्याकडे वळला.

तिकडे तोंड करून...

बावीस महिन्यांत जे एकदाही आठवलं नव्हतं ते आता आठवलं. तिच्या पाळीला तिने त्याला तोंड फिरव असं सांगितलंच नव्हतं. फक्त पेन थांबलं होतं, आणि खुर्ची करकरली होती. अंथरुणात कूस बदलायला जिचा हात लागायचा, त्या बायकोला न बोलावता ऑरिन टेबलाला धरून, दम लागत, अख्खाच्या अख्खा खिडकीकडे वळला होता. लिफाफा चिकटवल्याचा आवाज येईपर्यंत वळलेलाच राहिला. मग न बघता सही केली. नियम पाळतोय, असं तेव्हा तिला वाटलं होतं. त्याची ती सही असलेला तिचा लिफाफा मघाशीच जळून गेला.

तिचा अंगठा झाकणाखाली गेला होता. सुकलेला डिंक, एक कोपरा आपसूक उचलला गेला. उत्तर आत आहे असंच ती इतके दिवस धरून चालली होती. पण खिडकीकडे वळताना त्याला काय कळलं होतं, ते या कागदावर कुठे असणार?

"गॉर्डी," ती म्हणाली. "इकडे बघ."

"झालं?"

"नाही. पण हा जळताना साक्षीदाराने बघायला हवं."

तो वळला. कोपरा अजून तिच्या अंगठ्याखालीच होता, आणि ऑरिनने आत काय भरलं हे नव्हे, तर सगळं ओळखूनही त्याने तिला विचारलं का नाही, एवढंच तिला आता ऑरिनला विचारायचं होतं.