माझ्या नावातलं घर

मित्रांनो, मी एक जुनी घरघंटी आहे. वरून ज्वारी टाकायची, कळ दाबायची, खाली डब्यात पीठ पडतं. एवढ्या साध्या कामावरून लोकांनी चौदा महिने वाद घातला. म्हणून आज मी चिडूनच बोलणार, राग मानू नका.

सांगलीच्या आम्रपालीताईंनी मला हौसेनं घरी आणलं आणि पहिल्याच आठवड्यात कामाला जुंपलं. गल्लीतल्या भाकरीचं पीठ, थालीपिठाची भाजणी, तान्ह्या बाळांची नाचणी, सगळं मी दळायचे. ताई स्वयंपाकघरात असल्या तरी माझ्या आवाजावरून ओळखायच्या की पीठ बारीक-जाड करणारी जाळी बदलायची आहे. शेजारच्या धोंडुबाई म्हणायच्या, "आम्रपाली, तुझ्या पिठाची भाकरी मोडत न्हाई बघ." ते ऐकून मी मनात फुगायचे.

धंदा वाढला, तशी ताईंनी कर्ज काढून नदीजवळ चकली-शेवेचा गाळा घेतला. त्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गाळ्यात शिरलं. माल गेला, कढया गेल्या. मी घरी होते म्हणून वाचले. मग एक कर्ज फेडायला फोनवरून दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. अशानं कधी फिटतं का?

शेवटी वकील संयोगिताबाईंनी ताईंचा नादारीचा अर्ज कोर्टात दिला. नादारी म्हणजे, माझं आहे ते घ्या, वाटून घ्या, पण मला पुन्हा उभं राहू द्या, असं सांगणं. यात लाज कसली? लाज वाटावी ती कायद्याला. तो शंभर वर्षांपूर्वीचा. पाचशे रुपयांच्या कर्जालाही त्यात नादार होता येतं! नवा कायदा लिहून झालाय, पण ताईंसारख्या साध्या माणसांना अजून लागू नाही. असो. जुन्यातही एक शहाणपण आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची अवजारं कुणी नेऊ शकत नाही. त्यामुळे मी निवांत होते.

मग कोर्टानं मालमत्ता ताब्यात घ्यायला नेमलेल्या रिसिव्हरचा माणूस आला, धनाजी. यादीवर पेन टेकवून त्यानं विचारलं, "हिला काय म्हंत्यात?"

"घरघंटी."

त्यानं लिहिलं, 'घरगुती चैनीची वस्तू, एक.'

"आवं दादा, हिच्यावर माझं पोट हाय."

"नावातच घर हाय की, ताई. मी काय करू?"

झालं! दळून दळून माझी पाती झिजली आणि मी चैनीची? मला टेम्पोत घालून गोदामात टाकलं. एका तुटक्या सोफ्याशेजारी मी धूळ खात पडले. तिकडे ताई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होत्या आणि कोर्टात तारखा पडत होत्या. मला लिलावात काढायचं की ताईंना परत द्यायचं, एवढंच ठरायचं होतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला तर उचलून चढवलं.

कारण एकदा न्यायाधीश साहेबांनी मलाच हजर करायला सांगितलं. कर्ज देणाऱ्या कंपनीचे वकील म्हणाले, "कळ दाबली की पीठ पडतं. यात कारागिरी कसली?"

मागच्या बाकावरून ताई म्हणाल्या, "मग तुमीच दाबा की."

साहेबांनी मान डोलावली. शिपायानं मूठभर ज्वारी टाकली, वकिलांनी कळ दाबली, आणि मी खरखर करत ओरडायला लागले. ताई जागेवरूनच म्हणाल्या, "बंद करा. आत भाजणीची जाळी हाय. पट्टा बी सैल झालाय." उघडून बघितलं तर दोन्ही खरं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आणि पुढची तारीख दिली!

महिन्यानं हुकूम आला, 'हे अर्जदार कारागिराचं अवजार आहे, परत करावं.' ताईंनी 'कारागीर' या शब्दावर बोट ठेवून तो दोनदा वाचला. "कारागीर म्हंजे मी व्हय?" संयोगिताबाई म्हणाल्या, "व्हय, तुमीच." ताईंनी पदरानं डोळे पुसले.

नादारीचा अर्ज अजून लोंबकळतोय. पण मी घरी आले. पोहोचवायला धनाजीच होता. सहीच्या कागदावर त्यानं पुन्हा लिहिलं होतं, 'घरगुती चैनीची वस्तू, एक.' ताईंनी पेन हातात घेतलं नाही.

"खोडा ते. अवजार लिवा."

त्यानं खोडलं, लिहिलं, मग ताईंनी सही केली.

मित्रांनो, माझ्यात ओलं धान्य टाकू नका, जाळी कोरड्या फडक्यानं पुसा. आणि उद्या मोठे होऊन कुणाच्या घरी यादी करायला गेलात, तर वस्तूचं नाव मागाहून विचारा. तिच्यावर कुणाचं पोट आहे, ते आधी विचारा.