पुंजाजीच्या छातीवरच्या चकत्या

डॉक्टर देवमनचा त्या यंत्रावर भारी जीव, आणि नेमकं तेच यंत्र त्याची अब्रू घ्यायला उठलं होतं.

नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळानं नवं मॉनिटर घेतलं, तेव्हा जुनं रिसोडच्या धर्मादाय दवाखान्याला मिळालं. मिळालं म्हणजे काय, देवमननं हेलपाटे घालून घालून चपला झिजवल्या तेव्हा मिळालं. रोग्याच्या छातीवर पेस्ट लावून धातूच्या चकत्या चिकटवायच्या, की पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत पळू लागे. ठोके बिघडले की घंटा. सगळं कसं झकास! पण पहिला रोगी आला रिठदचा पुंजाजी, हृदयविकाराचा झटका घेऊन, आणि घंटेनं रोज दुपारी कोकलायला सुरुवात केली. देवमन जेवणावरून उठून धावत जाई. पडद्यावर रेघ आडवी, सपाट. आणि खाटेवर पुंजाजी खुशाल बिडी मागतोय!

आधी लोक हसले, मग घाबरले. कुणीतरी तिला यमाची घंटा म्हटलं आणि ते नाव चिकटलंच. शेवटी पुंजाजीचा धाकटा भाऊ पंजाबराव कंबर कसून उभा राहिला.

"डॉक्टर साहेब, हे खोकं रोज आमच्या भावाचं मरन सांगून राह्यलं. आमी त्याले घरी नेतो."

"अरे, त्याच्या काळजाची जखम अजून भरली नाही. रिठदच्या रस्त्यावर जीपचे धक्के त्याले सोसनार नाईत."

"मंग घंटा काहून वाजते, ते सांगा. म्या जीप घेऊन येतो तोवर."

असं म्हणून तो स्टँडकडे निघूनही गेला. पुंजाजी वाटेत जाणार, हे देवमनला स्पष्ट दिसत होतं.

तो यंत्राला भिडला. आधी प्लग, मग वायरी. हिरवी रेघ थरथरत होती, तेव्हा त्याला अर्थिंगचा खड्डा आठवला. वीज जमिनीत उतरायला त्यात ओल लागते, आणि उन्हाळ्यानं तो पार कोरडा पडला होता. अंजना सिस्टरनं त्यात बादल्या ओतल्या, रेघेची थरथर गेली. दोघंही खूश झाले. तेवढ्यात रेघ सपाट झाली आणि घंटा पुन्हा बोंबलली.

देवमननं शर्ट काढला आणि नव्या पेस्टनं चकत्या स्वतःच्याच छातीवर लावल्या. सगळा वॉर्ड तोंडात बोटं घालून बघत होता. रेघ पळाली, घंटा गप्प.

"सिस्टर, यंत्र ठणठणीत आहे! घोटाळा पुंजाजीच्या छातीवर आहे."

पुंजाजीच्या छातीवरून त्यानं हात फिरवला, तर तो सर्रकन घसरला. हाताला ओव्याचा वास! खाटेपाशी बसलेली पुंजाजीची बायको सोजरबाई पदराशी चाळा करू लागली.

"सोजरबाई, तेल लावलं?"

"लावलं नं बापा," ती रडायलाच लागली. "छातीत दुखते तं ओव्याचं कोमट तेल नाई लावाव? त्या टिकल्या म्या हळूच काढून ठेवो अन् चोळनं झालं की जशाच्या तशा लावून देओ. एकबी हरवली नाई, पाहा."

रोज दुपारी डब्यासोबत तेलाची शिशी येत होती! देवमनला असा राग आला, की खिडकीतून उडी मारावी. पण त्याच्याही छातीवर आईनं हेच तेल चोळलं होतं, जन्मभर. त्याला हसू फुटलं.

"तळपायाले चोळा हवं तेवढं. छाती माही."

सिस्टरनं पुंजाजीची छाती स्पिरिटनं लख्ख पुसली, चकत्या नव्यानं बसवल्या. रेघ शहाण्यासारखी पळू लागली.

एवढ्यात पंजाबराव आला. बाहेर जीप उभी. तेलावर चकत्या धरत नाहीत, ही गोष्ट त्यानं ऐकून घेतली, पण पटली नाही. "तेलानं कुठी घंटा वाजते?" म्हणत त्यानं वळकटी बांधायला घेतली, आणि घंटा वाजली.

"ऐकलं? म्या म्हनलं नव्हतं?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. पण सोजरबाई किंचाळली, "साहेब, आता म्या हात नाई लावला! खरंच नाई लावला!"

देवमननं पडद्याकडे पाहिलं. या वेळी रेघ सपाट नव्हती, वेडीवाकडी पिसाटली होती. चकत्या घट्ट होत्या. पुंजाजीचे डोळे फिरले होते. देवमननं मूठ वळली आणि त्याच्या छातीवर दाणकन हाणली. काही नाही. पुन्हा हाणली, जीव खाऊन. रेघ अडखळली, थबकली, आणि मग टुणकन एक उडी, मग दुसरी, आणि लागली की धावायला! सिस्टरनं तोवर इंजेक्शन भरून ठेवलं होतं.

थोड्या वेळानं पुंजाजीनं डोळे उघडले. "कोनं मारलं मले?"

"साहेबानं मारलं," सोजरबाई रडता रडता हसली, "अन् लय बेस मारलं!"

बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. पंजाबरावनं वळकटी खाली ठेवली, डोळे पुसले आणि दारातून ओरडला, "जाय बापा, रिकामीच ने! माहा भाऊ आता कुठीच जात नाई!"

देवमनलाही जोरात ओरडावंसं वाटलं. डॉक्टरला शोभत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो ओरडलाच.