बाईंचं ऊन

ट्रकवाले मला ‘बारा बाई’ म्हणतात, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही. पण प्रयोगशाळेची खिडकी पुलाच्या रस्त्यावर उघडते, आणि रांगेत ताटकळणाऱ्या माणसांना हळू बोलायची सवय नसते. पलीकडच्या देशातून येणाऱ्या मक्यात शंभरात बारा भाग ओल चालते. त्याहून जास्त निघाली की मी ट्रक परत पाठवते. ‘आज बारा बाईंनी आमचे बारा वाजवले’ हा विनोद एकोणीस वर्षांत इतक्यांदा ऐकलाय, की आता कोणी नव्यानं केला तर मला त्याचीच कीव येते.

काम साधं आहे. ट्रकमधून सहा ठिकाणचे दाणे काढायचे, मिसळायचे, त्याचे दोन भाग करायचे. एक भाग दळून ॲल्युमिनियमच्या डबीत घालून तोलायचा, ओव्हनमध्ये एकशेतीस अंशांवर ठरलेला वेळ वाळवायचा, निवला की पुन्हा तोलायचा. जेवढं वजन घटलं तेवढी ओल. दुसरा भाग बाटलीत भरून, बुचावर लाख लावून सहा महिने कपाटात ठेवायचा, कोणी भांडायला आलं तर दाखवता यावा म्हणून. माझ्याशी भांडायला कधीच कोणी आलं नाही. याचा मला अभिमान होता.

प्रत्येक ट्रकबरोबर पलीकडच्या प्रयोगशाळेचा दाखला यायचा. सगळे एकाच हातचे. अक्षर मोत्यासारखं, एका ओळीत, कुठे खाडाखोड नाही. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण मनातल्या मनात ‘मोतीदाणे’ म्हणायचे. मोतीदाण्यांच्या दाखल्यावर ११.७ असलं की माझ्याकडे हटकून १२.२ निघायचे. फरक दर वेळी अर्ध्या टक्क्याचा, आणि दर वेळी त्यांच्याच फायद्याचा. अक्षर चांगलं तर माणूस चांगला, असं शाळेत सांगतात. मोतीदाणे म्हणजे पक्का लबाड, असं मी ठरवून टाकलं होतं.

यंदा दोन्ही सरकारांचं सूत जुळलं. करार व्हायचा होता. त्यातलं सातवं कलम असं, की एकीकडे तपासलेलं धान्य दुसरीकडे पुन्हा तपासायचं नाही. त्याआधी आमच्यापैकी कोणी तरी त्यांची प्रयोगशाळा पाहून ‘विश्वास ठेवायला हरकत नाही’ असा अहवाल द्यायचा. साहेबांनी मला बोलावलं.

“बाई, तुम्ही जाऊन या. तुमचा होकार आला की मंत्री सही करायला मोकळे.”

“आणि आपली प्रयोगशाळा?”

“तुमची तीनच वर्षं तर राहिलीत.”

म्हणजे तीन वर्षं रिकाम्या बाटल्या पुसत बसायचं. मी तिथल्या तिथे ठरवलं, होकार द्यायचा नाही. मात्र खोटंही लिहायचं नाही. मोतीदाण्यांची लबाडी त्यांच्याच टेबलावर उघडी पाडायची. या हंगामात मी परत पाठवलेल्या ट्रकांच्या दहा बाटल्या कपाटातून काढल्या आणि पिशवीत भरल्या.

“अगं, पाहुणी म्हणून चाललीस की पोलीस म्हणून?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“पाहुणी म्हणूनच. बाटल्या जवळ असलेल्या बऱ्या.”

पुलापासून त्यांचं गाव सोळा किलोमीटर. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. गाव लागलं तशी बस गोगलगाय झाली, कारण अर्धा रस्ता मक्यानं भरलेला होता. कडेला दगड मांडलेले, मधे पिवळाधमक मका पसरलेला. मी उतरले तिथेच एक बाई लाकडी दंताळ्यानं दाणे खालीवर करत होती. चाळिशीची असेल. डोक्यावर ओला रुमाल, पाय धुळीनं पांढरेफटक. माझा हात सवयीनं खाली गेलाच. एक दाणा उचलला, दाताखाली धरला. कट् करून तुटला.

“हा वाळलाय की,” मी म्हटलं.

“तो परवाच वाळला, ताई. हे बाईंचं ऊन आहे.”

“कोणत्या बाईंचं?”

“पुलापलीकडे एक बाई आहे. तिला आमचा मका ओलाच लागतो. आपल्या हिशेबानं वाळला, की वर आणखी एक दिवस तिच्यासाठी वाळवायचा. नाही वाळवला तर ट्रक परत. सासूबाईंच्या काळापासून हेच चाललंय.” ती हसली. “त्या दिवशी घरी पाहुणा आला ना, तर त्यालासुद्धा दंताळं धरावं लागतं. तुम्ही वाचलात. तुम्हाला कामावर जायचं दिसतंय.”

मला राग आला. आधी चोरी, वर माझ्या नावानं ऊन! तणतणत चार पावलं गेले आणि थबकले. खोटा दाखला घरबसल्या मिळत असेल, तर माणसं एक दिवस जास्त उन्हात कशाला मरतील? मागे वळून पाहिलं. रस्ताभर, दाराशी, गच्च्यांवर लोक वाकून दाणे खालीवर करत होते. ऐन दुपार होती.

मोतीदाणे निघाले उंच, किडकिडीत आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. एप्रनच्या खिशाला रफू, तेही अक्षराइतकंच सुबक. मी बाटल्या टेबलावर मांडल्या तेव्हा त्यांनी भुवई वर केली नाही. “लाख तुम्हीच फोडा, तोलायचंही तुम्हीच,” एवढंच म्हणाले आणि खुर्ची मागे घेऊन बसले.

मी दळलं, तोललं, वाळवलं, पुन्हा तोललं. काटा दोनदा शून्यावर आणला. डब्या बदलून पाहिल्या. दहाच्या दहा नमुन्यांचे आकडे त्यांच्या दाखल्यांवरच्या आकड्यांशी जुळले. एकसुद्धा बाराच्या वर गेला नाही. ते आकडे काढणारे हात माझेच होते, त्यामुळे कोणावर ढकलायचीही सोय नव्हती.

मोतीदाण्यांनी खण उघडून एक फाईल काढली. तीत माझ्या नकाराच्या चिठ्ठ्या होत्या, तारीखवार. त्यांवर दोन पत्रांच्या कार्बन प्रती. एक नऊ वर्षांपूर्वीची, एक सहा. मजकूर एकच: ‘आपला ओव्हन किंचित जास्त तापत असावा, कृपया पाहून घ्यावं.’

“मला असलं काही मिळालं नाही.”

“थेट पाठवायची परवानगी नव्हती. आमच्या राजधानीत जायचं, तिथून तुमच्या राजधानीत, मग तुमच्याकडे. सोळा किलोमीटरसाठी चौदाशे किलोमीटरचा फेरा. वाटेत कुठे तरी बसलं असेल दमून.”

“मिळालं असतं तर मी फाडून टाकलं असतं,” मी म्हटलं. खरं तेच बोलले.

“ते मी धरूनच चाललो होतो. पण फाडण्याआधी एकदा वाचलं तर असतंत.”

“माझा ओव्हन जास्त तापत नाही,” माझा आवाज चढला. “दर वर्षी पहिल्या सोमवारी मी त्याचा थर्मामीटर दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहते. स्वतः. रजिस्टरला नोंद आहे.”

“दुसरा कुठला?”

“आमचाच. मी रुजू झाले तेव्हा दोन बरोबरच आले होते.”

“एकाच खोक्यातून?”

एकाच आईची दोन लेकरं. एकानं थाप मारली तर दुसरं तिला खोटं कसं पाडणार? आणि मी दर वर्षी त्या दोघांना शेजारी उभं करून, मान डोलावून, ‘बरोबर’ लिहीत आले होते.

निघताना त्यांनी आपला थर्मामीटर मऊ कापडात गुंडाळून चष्म्याच्या घरात घालून दिला. पुलावरच्या कारकुनानं तो अडवला. “हे काय?”

“थर्मामीटर. ताप बघायला.”

“कोणाला ताप आहे?”

“माझ्या ओव्हनला.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वाद नको म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिन्ही थर्मामीटर ओव्हनमध्ये शेजारी शेजारी लावले. माझे दोन्ही म्हणाले एकशेतीस. मोतीदाण्यांचा म्हणाला एकशेअडतीस. तो एकशेतीसवर येईपर्यंत मी आच कमी केली आणि त्याच दहा बाटल्यांतला उरलेला मका पुन्हा लावला. अकरा दशांश सात. अकरा दशांश नऊ. अकरा दशांश सहा.

मी स्टुलावर बसून राहिले. मला लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही त्याला. मी कोणाची मिंधी नव्हते, कधी कोणाचं ऐकलं नव्हतं, आणि तरीही एक अख्खं गाव एकोणीस वर्षं उन्हात उभं केलं होतं. किती ट्रक परत पाठवले ते मोजायला रजिस्टरं समोरच होती. ती उघडायचं धाडस झालं नाही.

अहवाल दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर पलीकडची प्रयोगशाळा विश्वासाला पूर्ण पात्र असल्याचं लिहिलं. दुसऱ्या पानावर आमच्या ओव्हनचं सगळं, तारखा आणि आकड्यांसकट, आणि शेवटी ‘ही चूक माझी’.

साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि खूश झाले. दुसरं वाचून चष्मा काढला. “हे कोणी मागितलंय?”

“कोणी नाही.”

“मग? बाई, सगळं छान जमून आलंय. तुम्ही दुधात मिठाचा खडा टाकताय. पहिलं पान दिलंत तर करार होतो, ओव्हन बंद होतो, विषय संपतो. तुमच्या निवृत्तीच्या कागदांवर डाग कशाला?”

घरीही तेच. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” हे म्हणाले.

“उघडली तर त्यात लोकांचा मका निघाला,” मी म्हटलं. त्या दिवशी चहा ह्यांनी केला.

मी दोन्ही पानांवर सही केली आणि ती पिनेनं जोडून दिली.

तीन आठवड्यांनी राजधानीत करार झाला. पेपरात दोन मंत्री हात हातात घेऊन उभे होते आणि ‘परस्परविश्वासाचं नवं पर्व’ वगैरे मथळा होता. कराराला माझा अहवाल जोडलेला होता. एक पान. त्याच दिवशी टपालानं मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली, म्हणजे दुसरं पानही कोणी तरी वाचलं होतं. नोटिशीला मी एका ओळीत उत्तर दिलं: ‘कारण दुसऱ्या पानावर आहे.’ पुढे काय होईल ते अजून ठाऊक नाही.

नोटिशीपाठोपाठ आणखी एक पाकीट आलं, मोत्यासारख्या अक्षरातलं. आता दोन्ही प्रयोगशाळांना एकमेकींना थेट लिहायची मुभा होती. मोतीदाण्यांनी लिहिलं होतं: ‘इकडे सगळ्यांना सांगितलं, आता बारा म्हणजे बाराच, जास्तीचा दिवस नको. कोणी ऐकत नाही. म्हणतात, तुम्ही काय सांगता, त्या बाईनं सांगू दे.’

मी रजा टाकली आणि बस पकडली.

त्याच रस्त्यावर, त्याच दाराशी तीच बाई. मक्याची शेवटची रास वाळत होती. तिनं मला ओळखलं. “या ताई. आज पिशवी नाही आणली?”

“तुमचा मका वाळलाय,” मी म्हटलं. “जास्तीचा दिवस लावू नका. गरज नाही त्याची.”

“ते प्रयोगशाळेतले काकाही सांगून गेले. पण त्या बाईचा भरवसा काय?”

“मीच ती बाई.”

वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, थर्मामीटरचं, खोक्याचं, पत्रांचं. त्यातलं अर्धंमुर्धं बोलले. “चूक थर्मामीटरची, म्हणजे माझीच,” एवढं मात्र नीट सांगितलं. ती दंताळ्यावर हात टेकून ऐकत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या चपला, माझी घडीची छत्री.

“सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या,” ती शेवटी म्हणाली. “त्या नेहमी म्हणायच्या, एकदा त्या बाईला इथे आणून उभी करा.”

मी मान खाली घातली.

“आलात ते बरं केलंत.” तिनं माझ्या हातातली छत्री काढून घेतली आणि दंताळं दिलं. “धरा. एकोणीस वर्षांचं नाही मागत. आजचं तेवढं.”

आणि ती दाराच्या सावलीत जाऊन बसली. पाय लांब केले. डोक्यावरचा रुमाल काढून पिळला.

मी एका टोकापासून सुरुवात केली. दंताळं दिसतं त्याहून जड असतं. चौथ्या ओळीपर्यंत पाठ भरून आली, मान भाजायला लागली. समोरच्या दारातून दोन म्हाताऱ्या बघायला बाहेर आल्या. तिनं त्यांना काही तरी सांगितलं आणि त्या हसल्या नाहीत, तिथेच पायरीवर बसल्या.

“तसं नाही, बाई,” सावलीतून आवाज आला. “नुसते सारताय तुम्ही. खालचे वर आले पाहिजेत.”

मी परत पहिल्या टोकाला गेले आणि नव्यानं सुरुवात केली.